पडद्याच्या पेशी मेल्यावर नजर परत येते का?

प्रश्न एका बहिणीचा आहे. त्यांच्या छत्तीस वर्षांच्या भावाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, आनुवंशिक आजार आहे. अंधारात त्यांना लहानपणापासूनच कमी दिसायचे, आता बाजूचेही जवळपास दिसेनासे झाले आहे, मात्र समोर धरलेले ते अजून वाचू शकतात. ‘पडद्याच्या पेशी मेल्या आहेत, त्या पुन्हा येत नाहीत’ असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले, तर दुसरीकडून कोणीतरी स्टेम सेलचे इंजेक्शन सुचवले; पैसे भरा, दोन्ही डोळ्यांत एकदम देतो, महिनाभरात फरक दिसेल, असे. वडिलांना काचबिंदू आहे. संशोधन खरोखर कुठवर आले आहे आणि त्यातले या दोघांच्या उपयोगाचे काय, असे या ताईंनी विचारले आहे.

ताई, नेत्रतज्ज्ञांचे वाक्य खरे आहे, पण ते अपुरे आहे. कोणत्या पेशी मेल्या, कोणत्या अजून जिवंत आहेत आणि जिवंत असलेल्यांपैकी किती अजून मेंदूशी जोडलेल्या आहेत, हे त्यात येत नाही. दृष्टी परत आणण्याच्या संशोधनातला प्रत्येक मार्ग याच तीन प्रश्नांच्या उत्तरावर उभा आहे. एका मार्गाला जिवंत पेशी लागतात, दुसरा मेलेल्या पेशींची जागा भरू पाहतो, तिसरा मेलेल्यांना वगळून पुढच्या पेशींशी थेट बोलतो. गेली अनेक वर्षे मी पडद्याचेच आजार पाहतो, आणि कुटुंबांची सर्वांत जास्त फरफट होते ती हा फरक त्यांना कोणी समजावून न सांगितल्यामुळे, असे माझे मत झाले आहे. म्हणून आधी पडद्याची रचना सांगतो.

डोळ्याचा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असतो, पण त्यात चेतापेशींचे तीन मजले असतात. सर्वांत मागच्या मजल्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात: अंधुक उजेडात आणि बाजूचे पाहण्यासाठी सुमारे दहा-बारा कोटी दंडपेशी, आणि रंग, बारकावे व वाचनासाठी साधारण पन्नास-साठ लाख शंकुपेशी. मधल्या मजल्यावर त्यांचा संदेश पुढे नेणाऱ्या द्विध्रुवी पेशी असतात. सर्वांत पुढे गँग्लिऑन पेशी, ज्यांच्या दहा-बारा लाख तंतूंची मिळून ऑप्टिक नर्व्ह तयार होते आणि मेंदूकडे जाते. या तिन्ही मजल्यांच्या मागे रंजकपेशींचा एक पातळ थर असतो. तो स्वतः काही पाहत नाही, पण प्रकाशसंवेदी पेशींचे पालनपोषण तोच करतो. प्रकाशसंवेदी पेशी आपल्या टोकाचा सुमारे दहावा भाग रोज टाकून देते आणि तेवढाच नव्याने बनवते. टाकलेला भाग पचवण्याचे काम आयुष्यभर, रोज, या रंजकपेशी करतात. माणसाच्या पडद्यातील चेतापेशी एकदा मेली की तिच्या जागी नवी तयार होत नाही. त्वचेची जखम भरते तसे इथे होत नाही.

आता तुमच्या भावाच्या आजाराकडे येऊ. साधारण चार हजार माणसांत एकाला होणारा हा आजार ऐंशीहून अधिक जनुकांपैकी कोणत्या ना कोणत्या जनुकातील दोषामुळे होतो. बहुतेकदा हा दोष दंडपेशींत असतो, म्हणून आधी रातांधळेपणा येतो आणि मग बाजूची नजर आक्रसत जाऊन नळीतून पाहिल्यासारखी होते. इथवरचे सहज समजते. परंतु अनेक प्रकारांत सदोष जनुकाची गरज केवळ दंडपेशींना असते, शंकुपेशींना नसते, आणि तरीही काही वर्षांनी शंकुपेशीही मरू लागतात. स्वतः निर्दोष असलेल्या पेशी का मराव्यात, हा या क्षेत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे, कारण माणूस रातांधळेपणासह नोकरी करतो, संसार करतो. शंकुपेशी गेल्या की वाचन जाते, चेहरे ओळखणे जाते.

त्याचे एक उत्तर फ्रान्समधील थिएरी लेव्हेयार आणि जोझे-आलँ साहेल यांच्या गटाने २००४ मध्ये दिले. दंडपेशी एक प्रथिन स्रवतात आणि त्याच्या आधारावर शंकुपेशी जगतात. पुढच्या संशोधनात असे दिसले की हे प्रथिन शंकुपेशींना ग्लुकोज आत घ्यायला मदत करते. म्हणजे दंडपेशी गेल्या की शंकुपेशींची एका अर्थाने उपासमार होते. दुसरे उत्तर प्राणवायूचे आहे. पडद्यातला बराचसा प्राणवायू दंडपेशी वापरतात. त्या गेल्यावर तोच प्राणवायू शिल्लक राहून शंकुपेशींना इजा करतो. या विचारातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पीटर कँपोकियारो यांच्या गटाने एन-ॲसिटिलसिस्टीन हे प्राणवायूची इजा कमी करू पाहणारे जुने औषध रेटिनायटिस पिग्मेंटोसासाठी तपासायला घेतले आणि आरंभीच्या आश्वासक निरीक्षणांनंतर त्याची मोठी, अनेक वर्षांची चाचणी हाती घेण्यात आली. हे औषध दुकानात सहज मिळते, म्हणून मुद्दाम सांगतो: चाचणीतील मात्रा आणि देखरेख घरी जमणारी नाही, तेव्हा ते स्वतःहून सुरू करू नये.

तुमचे भाऊ वाचू शकतात, याचा अर्थ पडद्याच्या मध्यभागातील त्यांच्या शंकुपेशी आज काम करत आहेत. ‘पेशी मेल्या’ या वाक्यात ही गोष्ट झाकली गेली. शिवाय शंकुपेशी एका दिवसात मरत नाही. आधी तिचे प्रकाश टिपणारे टोक आखडते, नाहीसे होते, आणि मूळ पेशी तशीच, दिसण्याच्या कामी न येता, बराच काळ जिवंत राहू शकते. अशा निद्रिस्त शंकुपेशींना जागे करता येईल का, यावर बोटोंड रोस्का यांच्या गटाने उंदरांत काम केले आणि २०१० मध्ये दाखवले की प्रकाशाला प्रतिसाद देणारे परके प्रथिन त्यांच्यात घातले तर त्या पुन्हा संदेश पाठवू लागतात.

जनुकोपचाराकडे वळताना हीच गोष्ट लक्षात ठेवा. पडद्याच्या आनुवंशिक आजारावरचा पहिला मान्यताप्राप्त जनुकोपचार, लक्सटर्ना, अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाला. तो केवळ आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्यांसाठी आहे. हे जनुक रंजकपेशींत काम करते. त्यापासून बनणारे विकर (एन्झाइम) वापरलेल्या अ जीवनसत्त्वाला पुन्हा वापरता येईल अशा रूपात आणते. ते नसेल तर प्रकाशसंवेदी पेशी जागेवर असतात, बराच काळ जिवंत असतात, पण प्रकाश टिपण्याचा पदार्थच त्यांना पुरेसा मिळत नाही. जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी जन्मतः आंधळ्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांत हे जनुक पोहोचवले, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात कुत्र्यांना दिसू लागले. पुढे माणसांतील चाचणीत वेगवेगळ्या उजेडात अडथळ्यांच्या वाटेवरून चालण्याची परीक्षा घेतली गेली आणि उपचार घेतलेल्यांना पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी उजेडात ती वाट पार करता आली. हे यश खरे आहे आणि मोठे आहे. परंतु ते उपाशी पेशींना अन्न मिळाल्याचे यश आहे, मेलेल्या पेशी उठल्याचे नाही. म्हणूनच या औषधाच्या मान्यतेतच अट आहे की रुग्णाच्या पडद्यात पुरेशा जिवंत पेशी असल्याची खात्री डॉक्टरांनी करावी. शिवाय याच जनुकावर झालेल्या इतर काही चाचण्यांतील रुग्णांची सुधारणा काही वर्षांनी ओसरल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध पोहोचलेल्या भागातही पेशींची झीज चालूच राहिली होती.

बाकीच्या जनुकांसाठी वाट इतकी सरळ नाही. जनुक पेशीत नेण्यासाठी ज्या निरुपद्रवी विषाणूचा वापर होतो, त्यात जनुकीय संकेताच्या साधारण ४,७०० अक्षरांचा मजकूर मावतो. स्टारगार्ट या पडद्याच्या मध्यभागाच्या आनुवंशिक आजारातील एबीसीए४ या जनुकाला सुमारे ६,८०० अक्षरे लागतात, तर ऐकणे आणि दिसणे दोन्ही कमी करणाऱ्या अशर सिंड्रोममधील यूएसएच२ए या जनुकाला पंधरा हजारांहून अधिक. त्यामुळे जनुक दोन तुकड्यांत पाठवणे, किंवा पूर्ण जनुक न देता त्यातली चूक जागेवरच दुरुस्त करणे, असे मार्ग शोधले जात आहेत. जन्मापासूनच नजर अत्यंत कमी करणाऱ्या, सीईपी२९० जनुकातील एका दोषासाठी क्रिस्पर या जनुक नेमक्या जागी कापण्याच्या पद्धतीने डोळ्याच्या आतच दुरुस्ती करण्याची चाचणी चौदा जणांवर झाली, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी अकरा जणांत किमान एका मोजमापात सुधारणा दिसली. याउलट रेटिनायटिस पिग्मेंटोसाच्याच एका प्रकारातील आरपीजीआर या जनुकासाठीची एक मोठी, तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२५ मध्ये आपला मुख्य निकष गाठू शकली नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो आहे, कारण वर्तमानपत्रांत पहिली येते आणि दुसरी सहसा येत नाही.

आता स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात. या शब्दाखाली किमान दोन अगदी वेगळी कामे येतात आणि तुम्हाला सुचवलेले इंजेक्शन त्यांपैकी एकातही बसत नाही. पहिले काम रंजकपेशींच्या थराचे. जपानमधील कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सप्टेंबर २०१४ मध्ये एका सत्तरीतील महिलेच्या त्वचेपासून प्रयोगशाळेत मूळपेशी आणि त्यांपासून रंजकपेशींचा थर तयार करून तो तिच्याच पडद्याखाली बसवला. तिची नजर सुधारली नाही, पण खालावलीही नाही, आणि बसवलेला थर टिकला. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा त्यांनी ती शस्त्रक्रिया केली नाही. या थांबण्याबद्दल मला त्या पहिल्या शस्त्रक्रियेइतकाच आदर वाटतो. लंडनमध्ये भ्रूणजन्य मूळपेशींपासून बनवलेला रंजकपेशींचा ठिगळासारखा थर दोन रुग्णांत बसवला गेला. वर्षभरात एकाला तक्त्यावरची २९ आणि दुसऱ्याला २१ अक्षरे अधिक वाचता आली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्व रुग्णांना वयोमानानुसार होणारी पडद्याच्या मध्यभागाची झीज होती, रेटिनायटिस पिग्मेंटोसा नव्हता. रंजकपेशी सापेक्षतेने सोप्या, कारण त्यांना मेंदूशी जोडणी करायची नसते. योग्य दिशेला तोंड करून पसरल्या की त्यांचे काम सुरू होते.

प्रकाशसंवेदी पेशी बसवणे हे दुसरे, आणि फार अवघड काम. नव्या पेशीला आपल्या जागी जाऊन बसावे लागते, पुढच्या द्विध्रुवी पेशीशी जोडणी करावी लागते आणि मागे टोक नव्याने वाढवावे लागते. २००६ मध्ये लंडनच्या रॉबिन अली, रेचल पिअरसन आणि सहकाऱ्यांनी नुकत्या जन्मलेल्या उंदरांच्या पडद्यातील अपरिपक्व दंडपेशी मोठ्या उंदरांच्या पडद्यात सोडल्या, आणि काही पेशी नेमक्या जागी, नेमक्या आकाराच्या होऊन बसलेल्या दिसल्या. त्या पेशींना हिरवी चमक देणारे प्रथिन आधीच दिलेले होते, त्यामुळे हिरव्या दिसल्या त्या बाहेरून आलेल्या असे मानले गेले. पुढची दहा वर्षे अनेक प्रयोगशाळांनी याच पायावर काम केले. मग २०१६ मध्ये, त्याच गटासह अनेक गटांनी, एक अनपेक्षित गोष्ट सिद्ध केली: बाहेरून सोडलेल्या पेशी बहुतांशी पडद्याखालीच राहतात आणि आपल्यातील प्रथिने शेजारच्या मूळच्या पेशींना देतात. जागेवर बसलेल्या हिरव्या पेशी बहुतेक यजमान उंदराच्याच होत्या. त्यांना केवळ हिरवे प्रथिन मिळाले होते.

ज्यांनी दहा वर्षे एका समजुतीवर काम केले त्यांनीच ती तपासून खोडली, ही घटना मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. त्यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक म्हणजे, जिवंत पण सदोष पेशींना बाहेरच्या पेशींकडून कामाची प्रथिने मिळू शकतात, आणि हाही उपचाराचा मार्ग होऊ शकतो; पण त्यासाठी पुन्हा जिवंत पेशीच लागतात. दुसरे असे की जिथे मूळच्या पेशी उरलेल्याच नाहीत तिथे खरी जोडणी होते का, हे आता फार कडक पुराव्याने दाखवावे लागते. अलीकडच्या काही प्राणिप्रयोगांत तसा पुरावा मिळू लागला आहे, आणि मूळपेशींपासून बनवलेल्या प्रकाशसंवेदी पेशींच्या मानवी चाचण्याही सुरुवातीच्या टप्प्यात पोहोचल्या आहेत. पहिल्या टप्प्यातील चाचणी मुख्यतः सुरक्षितता पाहण्यासाठी असते, तीत सहभागी होणारा माणूस पुढच्यांसाठी जोखीम घेत असतो, हे समजून घ्यावे.

तुम्हाला सुचवलेले इंजेक्शन यात कुठे बसते? ओटीपोटाच्या चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी डोळ्यात सोडल्या म्हणजे त्या प्रकाशसंवेदी पेशी होत नाहीत. चरबीतील पेशीला पडद्याच्या पेशीत बदलण्यासाठी प्रयोगशाळेत अनेक महिन्यांचे, पायरीपायरीने केलेले काम लागते. अमेरिकेत पैसे घेऊन असे इंजेक्शन देणाऱ्या एका केंद्रात तीन वृद्ध महिलांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, त्यांच्याच चरबीपासून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या. तिघींच्याही डोळ्यांत गंभीर गुंतागुंत झाली आणि त्यांची होती ती नजर बहुतांशी गेली. हे २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सविस्तर छापून आले आहे. त्या उपचाराची नोंद चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीतही होती. नोंद असणे म्हणजे कोणी तपासून मान्यता देणे नव्हे, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. नव्या, अनिश्चित उपचारासाठी कोणताही प्रामाणिक संशोधक दोन्ही डोळ्यांना एकदम हात लावत नाही; आधी अधिक बिघडलेला डोळा घेतो. तुमच्या भावाच्या पडद्यात आज जे वाचन शिल्लक आहे ते अशा इंजेक्शनाने एका दिवसात जाऊ शकते. ते घेऊ नका, ही माझी स्पष्ट विनंती आहे.

मेलेल्या पेशींना वगळून जाणारा मार्ग ज्यांची नजर जवळपास पूर्ण गेली आहे त्यांच्यासाठी आहे, म्हणून तुमच्या भावासाठी तो आज लागू नाही; तरीही तो समजून घ्यावा, कारण वीस वर्षांनंतरचा विचार आज करता आला पाहिजे. विद्युत इम्प्लांटपैकी आर्गस २ हे साठ इलेक्ट्रोडचे उपकरण युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झाले. चष्म्यावरील कॅमेरा, कमरेचे यंत्र आणि पडद्यावरील इलेक्ट्रोड अशी त्याची रचना होती. साडेतीनशेच्या आसपास लोकांना ते बसवले गेले, त्यांना उजेडाचे ठिपके, दाराची चौकट, माणसाची आकृती अशा गोष्टी जाणवू लागल्या, आणि मग २०१९ मध्ये त्याचे उत्पादनच थांबले. ज्यांच्या डोळ्यात ते होते त्यांना दुरुस्ती आणि सुटे भाग मिळणे कठीण झाले. शरीरात कायमचे बसवायचे यंत्र निवडताना त्यामागची व्यवस्था किती वर्षे टिकेल, हा प्रश्नही वैद्यकीयच असतो, हे आम्ही डॉक्टर तेव्हा शिकलो.

त्यानंतरचे प्रिमा हे उपकरण स्टॅनफर्डच्या डॅनियल पलांकर यांच्या कल्पनेतून आले. दोन मिलिमीटर लांबी-रुंदीची, केसाहून पातळ चकती पडद्याखाली ठेवतात. तिच्यात ३७८ सूक्ष्म सौर घटक असतात. चष्म्यातील कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात तिच्यावर टाकले जाते, ती त्याची वीज करते आणि मधल्या मजल्यावरच्या जिवंत द्विध्रुवी पेशींना संदेश देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३८ जणांना ती बसवली होती. वर्षभरानंतर तपासलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांच्या वाचनात लक्षणीय सुधारणा झाली. शस्त्रक्रियेशी संबंधित गंभीर दुष्परिणाम सुमारे निम्म्या लोकांत झाले, पण बहुतेक दोन महिन्यांत आटोक्यात आले. जे दिसते ते कृष्णधवल असते, दृश्य मोठे करून आणि सावकाश वाचावे लागते. परंतु ज्या मध्यभागातून त्या लोकांना काहीच दिसत नव्हते तिथून त्यांना अक्षरे ओळखता आली, आणि हे मला फार मोठे वाटते. हे लोकही वयोमानाने मध्यभागाची झीज झालेले होते. तुमच्या भावाचा मध्यभाग आज शाबूत आहे, त्यामुळे तिथे चकती बसवण्याचा विचारही करायचा नाही.

वगळून जाण्याचा दुसरा प्रकार प्रकाशजनुकशास्त्राचा. शैवाल प्रकाशाकडे वळते ते त्यातील एका प्रथिनामुळे. त्या प्रथिनाचे सुधारलेले रूप गँग्लिऑन पेशींत जनुकाद्वारे घालून, मुळात प्रकाश न टिपणाऱ्या त्या पेशींनाच प्रकाश टिपायला लावायचे, अशी कल्पना आहे. २०२१ मध्ये साहेल आणि रोस्का यांच्या गटाने अठ्ठावन्न वर्षांच्या, चाळीस वर्षांपासून रेटिनायटिस पिग्मेंटोसा असलेल्या एका रुग्णाचा अनुभव प्रसिद्ध केला. एका डोळ्यात इंजेक्शन, त्यानंतर खास चष्मा लावून अनेक महिन्यांचा सराव, आणि मग टेबलावरची वस्तू शोधणे, तिला हात लावणे, पेले मोजणे त्यांना जमू लागले; रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसल्याचेही त्यांनी सांगितले. चष्म्याशिवाय हे जमत नव्हते, कारण हे प्रथिन फारच कमी संवेदनशील असते. निरोगी दंडपेशी प्रकाशाच्या एका कणालाही प्रतिसाद देते, तर या प्रथिनाला प्रखर प्रकाश लागतो. या मार्गाचा मोठा फायदा असा की ऐंशींपैकी कोणते जनुक बिघडले याने फरक पडत नाही. मर्यादा मात्र आहेच: प्रकाशसंवेदी पेशी जाऊन फार काळ झाला की मधल्या मजल्याच्या जोडण्या विस्कटतात, नवे चुकीचे धागे तयार होतात. रॉबर्ट मार्क आणि ब्रायन जोन्स यांनी हा बदल बारकाईने नोंदवला आहे. त्यामुळे ‘नजर पूर्ण गेल्यावर बघू’ हा विचारही फारसा बरोबर ठरत नाही.

माशांचा उल्लेख तुम्ही कुठे वाचला असेल. झेब्राफिशच्या पडद्याला इजा झाली तर त्यातील म्युलर या आधारपेशी पुन्हा विभागून नव्या चेतापेशी बनवतात. या पेशी आपल्या पडद्यातही आहेत, पण इजा झाल्यावर त्या व्रणासारख्या होतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील टॉम रे यांच्या गटाने एएससीएल१ हे जनुक चालू करून प्रौढ उंदरांतील म्युलर पेशींपासून काही चेतापेशी घडवून दाखवल्या, पण त्या मुख्यतः मधल्या मजल्यावरच्या पेशींसारख्या निघाल्या, प्रकाशसंवेदी नव्हे. ही दिशा सुंदर आहे आणि अजून प्रयोगशाळेतच आहे.

वडिलांचा काचबिंदू ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. त्यांच्या प्रकाशसंवेदी पेशी ठीक असतात. मरतात त्या गँग्लिऑन पेशी, म्हणजे मेंदूकडे जाणारी तारच. वर सांगितलेल्या जवळजवळ सर्व उपायांना ही तार शाबूत लागते, म्हणून ते काचबिंदूत उपयोगी नाहीत. नव्या गँग्लिऑन पेशीला आपला तंतू पडद्यातून ऑप्टिक नर्व्हमध्ये, तिथून सुमारे पाच सेंटिमीटर मागे आणि पुढे मेंदूतल्या नेमक्या ठिकाणापर्यंत न्यावा लागेल. २०२० मध्ये डेव्हिड सिंक्लेअर यांच्या प्रयोगशाळेने तीन जनुके वापरून उंदरांत इजा झालेले असे तंतू काही प्रमाणात पुन्हा वाढवले आणि काचबिंदूसदृश स्थितीतील उंदरांची नजर सुधारल्याचे दाखवले. माणसात न्यूयॉर्क येथे मे २०२३ मध्ये पूर्ण डोळ्याचे प्रत्यारोपण झाले. डोळा जगला, त्यात रक्तपुरवठा राहिला, नजर मात्र आली नाही. अडचण कुठे आहे हे त्यावरून कळते. वडिलांसाठी आजचा उपचार म्हणजे डोळ्याचा दाब डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत ठेवणे, रोजचे थेंब न चुकवणे आणि ठरलेल्या वेळी दृष्टिक्षेत्राची तपासणी करणे.

भावासाठी आता काय करायचे ते सांगतो. सर्वांत आधी जनुक-तपासणी करून घ्या, आणि अहवाल आनुवंशिक आजारांचे समुपदेशन करणाऱ्या तज्ज्ञांसोबत बसून समजून घ्या. दोष कोणत्या जनुकात आहे हे कळल्याशिवाय कोणती चाचणी त्यांच्यासाठी आहे हे कोणीही सांगू शकत नाही. तुमच्यापैकी इतरांना आणि पुढच्या पिढीला किती शक्यता आहे हेही त्यावरूनच कळते. या आजारात पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते आणि भिंगाच्या मागच्या भागात मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो. या दोन्हींवर उपाय आहेत, सूज थेंबांनी किंवा गोळ्यांनी उतरू शकते आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अनेकांना उपयोगी पडते. ‘या आजाराला औषध नाही’ असे एकदा ऐकल्यावर अनेक जण तपासणीला येणेच सोडतात आणि बरी होऊ शकणारी नजरही गमावतात, याचे मला फार वाईट वाटते.

अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा मनाने सुरू करू नयेत. एबीसीए४ जनुकाचा दोष निघाला तर त्या नुकसानच करतात, आणि यकृतावरचा परिणाम वेगळा. धूम्रपान असेल तर बंद करावे. एखाद्या चाचणीत जायची वेळ आली तर एक गोष्ट नीट विचारा: यात भाग घेतल्यावर पुढच्या चाचणीसाठी ते अपात्र ठरतील का? विषाणूद्वारे जनुक एकदा दिले की शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, आणि आधी एक प्रायोगिक उपचार घेतलेल्या डोळ्याला पुढच्या चाचण्या बहुतेकदा घेत नाहीत. उपचार कोणत्या पेशीवर आहे, ती पेशी या डोळ्यात जिवंत असावी लागते का, पहिला डोळा कोणता घेणार आणि गुंतागुंत झाली तर खर्च व जबाबदारी कोणाची, हेही विचारा. सहभागाचे पैसे मागितले तर तिथून उठा.

पांढरी काठी वापरण्याचे प्रशिक्षण आणि मोबाइल-संगणकावरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यांनी आत्ताच, वाचता येत असतानाच शिकावे. काठी हातात घेणे म्हणजे हार मानणे, असे अनेकांना वाटते आणि ते वाटणे मी समजू शकतो. पण बाजूची नजर गेलेल्या माणसाला संध्याकाळच्या वेळी पायरी आणि खड्डा काठीच दाखवते, आणि शिकायला सोपे जाते ते मध्यभागाची नजर असताना.

पडद्याचे ओसीटी छायाचित्र (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी दरवर्षी, शक्यतो त्याच यंत्रावर करून घ्या आणि सर्व अहवाल तारखेनुसार एका ठिकाणी ठेवा. मध्यभागातील प्रकाशसंवेदी पेशींचा पट्टा ओसीटीमध्ये किती रुंद आहे आणि तो वर्षाला किती आक्रसतो, हे त्यातून मोजता येते. जनुक-तपासणीचा अहवाल आला की त्यासोबत मागच्या सर्व ओसीटीच्या मूळ फाइली घेऊन भावाला पडद्याच्या तज्ज्ञाकडे न्या. छापील कागदावरून हा पट्टा नीट मोजता येत नाही.